शेगडीच्या वादात हरायचं कसं

माझी वहिनी आजवर एकाही वादात हरलेली नाही. हे मी नणंद असून लिहितेय, तेव्हा खरं धरायला हरकत नाही. ती आवाज चढवत नाही, हातवारे करत नाही. समोरच्याला पूर्ण बोलू देते, मधूनमधून "हं" म्हणते. त्याचं संपलं की त्याच्याच बोलण्यातला एखादा सैल धागा चिमटीत धरून असा ओढते, की सगळा स्वेटर उसवून त्याच्या पायाशी पडतो. वर त्यालाच विचारते, "थंडी वाजतेय का?"

दादाने लग्नानंतर लगेचच शस्त्रं खाली ठेवली. तो बसचा ड्रायव्हर होता. समोरून मोठी गाडी आली की आपली बाजूला घ्यायची, हे त्याच्या अंगात मुरलेलं. भाचा विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतो, म्हणजे दिवसभर लोकांशी वाद घालायचा पगार घेतो आणि घरी आला की आईपुढे मान डोलावतो. सून औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ती वादात पडतच नसे. काहीही सांगा, "बरं आई," म्हणून मोकळी. तिचं ते "बरं आई" मला कधी पुरतं पटलेलं नव्हतं. मी आयुष्यभर लाँड्रीच्या काउंटरवर बसले. गिऱ्हाईक जितकं ठासून म्हणतं, "खिशात काही नाही हो," तितक्या काळजीने मी खिसे उलटे करते.

तर अशा या घरात वहिनीला एक वाद हरायचा होता, आणि काही केल्या तिला ते जमेना.

घर तळमजल्यावरचं, मी वरच्या खोलीत. समोर छापखाना आहे. तिथली माणसं दुपारी वहिनीकडे जेवतात. पुढच्या खोलीत लांब टेबल टाकलंय, बाकं आहेत, हात धुवायला कोपऱ्यात नळ. हातांवर शाई असते म्हणून टॉवेल गडद रंगाचे. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, अंगणाकडे खिडकी, खिडकीखाली चार तोंडांची गॅसची शेगडी. ते वहिनीचं राज्य. तिथे दादा परवानगी घेऊन पाणी पितो.

हिवाळ्याच्या शेवटी एका सकाळी मी वरून खाली आले ती दारातच थबकले. गॅसचा वास, आणि तोही असातसा नाही, डोकं गरगरेल असा. आत वहिनी टेबलाशी बसून मटार सोलत होती. चेहरा अगदी निवांत. शेगडीचं एक बटण अर्धवट फिरलेलं, वर ज्योत नाही. मी श्वास रोखून बटण बंद केलं, खिडकी उघडली, मागचं दार सताड उघडं टाकलं. वहिनी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्या घरात येऊन नाच करतेय.

"वन्सं, झालं काय?"

"काय झालं काय? घरभर गॅस भरलाय! तुला वास नाही आला?"

तिने आधी दाराकडे पाहिलं, आणखी कोणी आहे का म्हणून. मग माझ्याकडे.

"नाही आला. मागच्या हिवाळ्यातल्या तापापासून येतच नाही. कशाचाच."

मी खाली बसले. मागच्या हिवाळ्यापासून म्हणजे अख्खं वर्ष झालं. अख्खं वर्ष आम्ही तिच्या हातचं जेवत होतो, छापखान्यातली माणसं बोटं चाटत होती, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला कांदा आणि साबण यांतला फरक वासाने कळत नव्हता.

"अगं पण चव?"

"खारट, आंबट, गोड, कडू एवढं जिभेला कळतं. बाकी सगळा अंधार."

"मग करतेस कसं?"

तिने सांगितलं. सांगताना हातातले मटार थांबले नाहीत. कांदा तेलात पडतो तेव्हा ओरडतो, पाणी सुटलं की कुरकुरतो, आणि लाल व्हायला लागला की गप्प बसत जातो. त्या गप्प बसण्याच्या जरा आधी पुढचं घालायचं. लसणाला वेळ देत नाही, रंग बदलायच्या आत उतरवते. मांस शिजलंय का ते चमच्याच्या दांड्याने दाबून बघते. जेवायला वाढलं की दारात उभी राहून माणसांच्या भुवया बघते. छापखान्याचा मुकादम पहिल्या घासाला डावी भुवई वर करतो तेव्हा मिरी जास्त झालेली असते. आणि एवढं करूनही शंका उरली तर सून आहेच.

"सून? तिला माहीत आहे?"

"छे! तिची मी परीक्षा घेते."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर मी तो तमाशा पाहत होते. सून कामावरून आली, हात धुतले, की वहिनी तिला शेगडीपाशी बोलावायची. "डोळे मीट. सांग बघू, कसला वास येतोय?" बिचारी डोळे घट्ट मिटून सांगायची, "कांदा अजून कच्चा आहे, आई," किंवा "कशाला तरी खालून लागतंय बहुतेक." वहिनी म्हणायची, "बरोबर," आणि सुनेची पाठ वळली की झटकन ज्योत बारीक करायची. आम्हाला वाटायचं, काय ही बाई! सुनेला घडवतेय. आणि घडवणारीच उत्तरांवर जगत होती.

मी तिला मनातल्या मनात नमस्कार केला. उघडपणे केला असता तर डोक्यावर बसली असती.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाले, येईल तेव्हा येईल, नाहीतर नाही. एवढं तर मलाही सांगता आलं असतं."

"मग घरात सांग ना!"

"सांगू? तुमचा भाचा काय करील ते मला सांगा."

ते सांगायची गरज नव्हती. भाचा कधीपासून टपून बसलेला. आई, आता बस कर. आई, किती राबशील. आई, छापखान्याला दुसरी सोय करू दे. त्याला हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराला कुलूप. तेही प्रेमाने. रागाने लावलं तर निदान भांडता येतं.

"पण वहिनी, गॅस! आज मी आले. उद्या नाही आले तर?"

"म्हणून तर गॅस घालवायचाय. ती विजेची आणायची."

"इंडक्शन?" मला हसू आवरेना. कारण इंडक्शनची जितकी बदनामी वहिनीने केली होती तितकी कुणी शत्रूचीही करत नाही. सुनेच्या माहेरी ती काचेची शेगडी आहे. तिथे जेवायला गेलो असताना सगळ्यांसमोर वहिनीने तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दिसायला चकचकीत, अंगात धग नाही. अगदी तुमच्या जावयासारखी." विहीणबाईंना हसावं की नाही कळेना, कारण त्यांचा जावई म्हणजे हिचाच मुलगा. त्यानंतर दोन वर्षांपूर्वी भाच्याने घरात विषय काढला, तेव्हा तिने त्याला असा धुतला की मी लाँड्रीत कुणाला तसं धुतलं नाही.

"आता मीच उठून मागितली तर पहिला प्रश्न काय येईल?" वहिनी म्हणाली.

"का?"

"आणि त्या 'का'ला माझ्याकडे एकच उत्तर आहे. तेव्हा मागायची त्यांनी. मी नको म्हणायचं. मग वाद, आणि वादात मी हरायचं."

"तू? हरणार?"

"त्यात काय एवढं? तुम्ही सगळे रोज हरता."

त्याच संध्याकाळी तिने सुरुवात केली. जेवताना भाच्याला म्हणाली, "काय रे, त्या विजेच्या शेगडीचं तू मागे काहीतरी म्हणत होतास ना?"

भाच्याने चमचा खाली ठेवला. रस्त्यात पडलेल्या पाकिटाकडे शहाणा माणूस बघतो तसा तो आईकडे बघत होता.

"ते सोड आई. तू नको म्हणालीस. विषय संपला."

"संपला कसा? तुझं म्हणणं काय होतं?"

"माझं काहीच म्हणणं नव्हतं."

"अरे, चांगले मुद्दे होते की तुझ्याकडे!"

"चुकीचे होते."

वहिनीने ओठ चावला. मग स्वतःच गॅसच्या बाजूने उभी राहिली, आणि इतकी लंगडी उभी राहिली की तिला ढकलायला एक बोट पुरलं असतं. "मला आपली ज्योत बघायची सवय. दुसरं काही नाही. आता ही काही मोठी सबब नाही म्हणा. कुणीही खोडून काढील."

ती थांबली. सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. कुणी तरी खोडून काढा रे! सून ताटाकडे बघत होती. भाचा आईकडे बघत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू मऊ होत चालला होता. दादाने तर चष्मा काढून पुसला.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "सगळं आयुष्य ज्योतीसमोर गेलं तिचं. आणि आपण तिची ज्योत काढून घ्यायला निघालोय."

"मी नाही निघालो," भाचा घाईने म्हणाला.

आठवड्याभरात दादा शेगडीला नवे पितळी बर्नर घेऊन आला. स्वतः बसवले, फडक्याने पुसले, आणि बाजूला उभा राहून वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. धुऊनही डाग तसाच राहिलेल्या पांढऱ्या शर्टाकडे मी जसं बघते, तसं वहिनीने त्या बर्नरकडे पाहिलं. "छान आहेत," म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग तिने डाव बदलला. गॅसला नावं ठेवायची, थेट नाही, आडून. "भांड्यांची बुडं किती काळी होतात या ज्योतीने." झालं. दुसऱ्या दिवसापासून दादा मागच्या अंगणात बसून पातेली घासायला लागला. निवृत्त झाल्यापासून त्याच्या हातांना स्टिअरिंग नव्हतं, ते त्याला मिळालं. पातेलं फिरवत फिरवत गाणी म्हणायचा. वहिनी म्हणाली, "शेगडीपुढे उभं राहून नुसती भाजून निघते मी." भाच्याने त्याच दिवशी टेबलफॅन आणला आणि तिला वारा लागेल असा बेतून कपाटावर ठेवला.

मी जिन्यात तिला गाठलं. "वहिनी, तुला हरणं जमत नाहीय."

"माझं काय चुकतंय? वाद घालायला माणूस तर हवा! हे सगळे आधीच पाय धरतात. आदर करतात मेले."

आदराचं पुढे काय झालं ते सांगते. त्या पंख्याचा झोत थेट शेगडीवर येत होता. एका दुपारी छापखान्याची माणसं जेवून गेली होती. वहिनी पुढच्या खोलीत टेबल पुसत होती आणि मागे बारीक ज्योतीवर ठेवलेलं पातेलं पंख्याच्या वाऱ्यात एकटं होतं. ज्योत विझली, गॅस चालू राहिला. मी वरच्या खोलीत कपडे वाळत घालत होते. खालून धावल्याचा आवाज आला, मग खिडकीची तावदानं आपटल्याचा. मी खाली पोहोचले तर सून, अंगात अजून दुकानाचा पांढरा कोट, शेगडीपाशी उभी. त्या दिवशी लवकर सुटली होती.

"आई," ती म्हणाली, "ज्योत विझली होती. पंख्याने."

"अगं बाई, हो का?" वहिनी दारातून म्हणाली. हातात टेबलाचं ओलं फडकं. पुढच्या खोलीतून ती दोनदा तरी स्वयंपाकघरात येऊन गेली असणार, कारण धुतलेल्या ताटल्यांची चळत शेगडीशेजारीच होती. सुनेने त्या चळतीकडे पाहिलं. मग सासूकडे. पंखा बंद केला आणि कपडे बदलायला गेली. "बरं आई" सुद्धा म्हणाली नाही.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरातच बसून होते. दूध मंद आचेवर ठेवलेलं. बुडाला लागलं होतं, करपट वास माझ्या खुर्चीपर्यंत येत होता. मी काही बोलणार एवढ्यात वहिनीने हाक मारली, "ये गं. डोळे मीट. सांग बघू."

सून आली. डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या, मी पाहिल्या.

"दूध छान आटतंय, आई," ती म्हणाली. "गोड वास येतोय."

"बरोबर," वहिनी म्हणाली. "येतंय तुला हळूहळू."

सुनेने डोळे उघडले ते माझ्यावर. मी छताकडे पाहिलं. तिने आपणहून दूध उतरवलं, दुसऱ्या पातेल्यात वरचं वर ओतून घेतलं, आणि लागलेलं पातेलं दादाच्या घासायच्या ढिगात नेऊन ठेवलं.

नंतर ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"आत्या, तुम्हाला माहीत होतं."

"मला काय माहीत असणार?"

"आत्या!"

मी सांगून टाकलं. खिसे उलटे करणाऱ्याने स्वतःचे किती वेळ शिवून ठेवायचे? ती पलंगावर बसून ऐकत होती. मधेच हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली.

"वर्षभर मला वाटतंय आई माझी परीक्षा घेतायत. दुकानातून निघताना रोज मनात यायचं, आज नापास झाले तर? आणि त्या माझ्याच भरवशावर फोडणी देत होत्या!"

"आता सांगणार का सगळ्यांना?"

"कुणाला, ह्यांना? हे उद्याच छापखान्याला कळवतील, स्वयंपाक बंद म्हणून. आईंचं मग काय उरेल?" ती पलंगावरून उठली. "म्हणजे त्या दिवशी ती ज्योतीची सबब... आई हरायला बघत होत्या?"

"जिवाच्या आकांताने."

"आणि आम्ही बर्नर आणले." तिने कपाळाला हात लावला. "मग हरवू या त्यांना."

"कोण हरवणार?"

"मी."

मी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. एवढी वर्षं जिने "बरं आई"च्या पलीकडे वाक्य बोललं नव्हतं, ती ही.

सुट्टीच्या दिवशी छापखाना बंद होता. आम्ही सगळे पुढच्या खोलीतल्या लांब टेबलाशी जेवायला बसलो. वहिनीने सूप वाढलं. सुनेने चमचा उचललाच नाही.

"मला इंडक्शन हवीय," ती म्हणाली.

भाच्याने तिच्या कोपराला हळूच धक्का दिला. तिने कोपर काढून घेतलं.

"हं," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत सुटकेची अशी चमक आली की मला वाटलं, झालं, आता "बरं" म्हणेल आणि विषय संपेल. पण समोर आयुष्यात पहिल्यांदा खरा प्रतिस्पर्धी बसलेला. सवय कुठे जाते?

"माझी भांडी त्या काचेवर चालतील?" वहिनीने विचारलं.

सून उठली, फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं आणि मांडणीपाशी गेली. चुंबक ज्याला चिकटतं तेच भांडं त्या काचेवर तापतं, म्हणून एकेका पातेल्याच्या बुडाला लावत चालली. मोठी सगळी ॲल्युमिनियमची. चुंबक लावलं की गळून पडायचं. टक्, टक्, टक्.

"माझी भांडी काही तुझ्या बाजूने नाहीत गं," वहिनी खुशीत म्हणाली.

मी टेबलाखालून तिला लाथ मारली.

"कोण लाथा मारतंय?" दादा म्हणाला.

"तवा आणि दोन पातेली चिकटली," सून म्हणाली. "ती ठेवू. बाकीची नवी घेऊ. माझ्या पगारातून."

"वीज गेली की?"

"वीज गेली की छापखान्याची यंत्रं बंद पडतात. यंत्रं बंद पडली की माणसं घरी जातात. जेवायला येणार कोण?"

"हं!" वहिनी पुढे सरकून बसली. सूप विसरली. "मी मिरच्या भाजते ज्योतीवर. त्या काचेवर भाजून दाखवशील?"

"तव्यावर भाजू."

"तव्यावर भाजलेली मिरची म्हणजे उन्हात वाळवलेला मोजा!"

भाचा हसला. दादा हसला. वहिनी जिंकत होती. मला घाम फुटला. पुन्हा लाथ मारली, ती पुन्हा दादालाच लागली.

"आणि तिचा तो आवाज!" वहिनी रंगात आली होती. "जरा तवा उचलून तिरका धरला, की बाईसाहेब रुसल्या, पिपाणी वाजवली, आणि बंद!"

"हो," सून म्हणाली. तिने चुंबक टेबलावर ठेवलं. "बंद पडते. भांडं उचललं की आपली आपण बंद पडते. तुमची ही पडते का, आई? हिची ज्योत गेली तरी ही गॅस सोडतच बसते. मी रोज कामावरून येते ना, तेव्हा दाराला हात लावायच्या आधी बाहेर उभी राहून वास घेते. आत माणसं धड असतील ना, असं मनात येतं. मला या घरात यायची भीती वाटते."

वहिनीकडे याला उत्तर होतं. मी तिला ओळखते, ते तिच्या जिभेच्या टोकावर आलेलं मला दिसलं. तिने ते परत आत घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "आणू या."

वहिनी हरली होती. टेबलावर कुणालाच ते खरं वाटेना. आणि मग, माझ्या ध्यानीमनी नसताना, दादा उठून उभा राहिला.

"हे काय बोलणं झालं? माझ्या बायकोच्या स्वयंपाकघराची भीती वाटते? आयुष्यात कधी तिच्या हातून गॅस उघडा राहिलाय?"

"आईची माफी माग," भाचा बायकोला म्हणाला. तोही तापला होता. "तिच्या नाकाला शेजारच्या घरातलं जळलेलं कळतं. आणि तू तिला असं सगळ्यांसमोर? तिचा जन्म गेलाय या कामात. माग माफी."

सून खाली मान घालून बसली. एका वाक्याचं काम होतं. "त्यांना वास येत नाही" एवढं म्हटलं असतं तर दोघांची तोंडं जागच्या जागी मिटली असती. तिने तोंड उघडलं नाही. दादाचं ऐकून घेतलं, नवऱ्याचं ऐकून घेतलं, आणि टेबलावरचं लोहचुंबक या हातातून त्या हातात घेत राहिली. मी माणसांच्या जमेच्या बाजूला सहसा काही मांडत नाही. त्या दिवशी तिच्या नावावर मांडलं.

मग मी वहिनीकडे पाहिलं. ती सुनेकडे बघत होती. तिला कळलं होतं. ही पोरगी आपल्यासाठी भांडली, आणि आता आपल्यासाठीच बोलणी खातेय. वहिनीच्या मनासारखं सगळं झालेलं होतं. गॅस जाणार, गुपित राहणार, स्वयंपाकघरही राहणार. तिने फक्त गप्प बसायचं होतं. दादा आणि भाचा थोडा वेळ आणखी बडबडले असते, सुनेने माफी मागितली असती, आणि संध्याकाळपर्यंत सगळं विरून गेलं असतं.

"माफी कशाची?" वहिनी म्हणाली. "मला वास येत नाही."

"म्हणजे?" भाचा म्हणाला.

"म्हणजे नाक जागेवर आहे, काम करत नाही. मागच्या तापापासून. दोनदा गॅस सुटला. एकदा वन्संनी बंद केला, एकदा हिने. तुझ्या पंख्याने विझली होती."

दादा खाली बसला, बाक कुरकुरलं. भाच्याचा राग उतरला आणि त्याच्या जागी ते आलं ज्याची वहिनीला वर्षभर भीती होती. त्याचा आवाज मऊ झाला. नुकसान झालेल्या माणसांशी तो बोलतो तो आवाज.

"आई, अगं आधी सांगायचंस. आता कसं आहे, की वास नाही म्हणजे चवही तशी... आणि बाहेरची माणसं जेवतात आपल्याकडे. उद्या काही खराब झालेलं गेलं पोटात, तर जबाबदारी कुणाची? मी म्हणतच होतो, आता आराम कर. छापखान्याशी मी बोलतो, त्यांना दुसरी सोय..."

वहिनीने त्याला बोलू दिलं. मधे एकदा "हं" म्हणाली. तो जितका बोलत गेला तितका तिचा चेहरा शांत होत गेला. तो एकदाचा थांबला.

"झालं तुझं?"

"हो. म्हणजे, माझं म्हणणं एवढंच."

"तू नुकसानीची पाहणी करतोस ना? कर. वर्षभर माझ्या हातचं जेवलास. तुझे साहेब जेवून गेले, जाताना मटणाची कृती विचारून गेले. छापखान्यातली माणसं एकही दिवस बाहेर जेवली नाहीत. दाखव मला नुकसान कुठे आहे."

भाचा विचार करू लागला. प्रामाणिक मुलगा आहे, मनापासून आठवत होता. दादाही आठवत होता. कुणालाही काही सापडेना. भाच्याने शेवटची आशा म्हणून बायकोकडे पाहिलं.

"परवा दूध लागलं होतं," सून म्हणाली.

वहिनी गर्रकन वळली. "लागलं होतं? तू म्हणालीस छान आटतंय!"

"खोटं सांगितलं."

"का?"

"बघत होते, तुम्हाला कळतं का."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, आता या घरात दुसरी आग लागते. पण वहिनीच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. बरोबरीचा माणूस भेटला की दुकानदाराच्या ओठाला होतं, तसं.

"एक दूध," ती भाच्याला म्हणाली. "लिहून घे तुझ्या अहवालात. एक दूध. त्यासाठी स्वयंपाकघर बंद करायचं?"

"नाही," भाचा म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

"खराब झालंय का ते हिला विचारत जाईन. उघडपणे विचारेन. ही नसेल तेव्हा वन्सं आहेत, वर बसून नाहीतरी काय करतात? आणि ती काचेची शेगडी येईपर्यंत भिंतीतली गॅसची मुख्य चावी हिच्या ताब्यात. ही उघडील, ही बंद करील. मी हात लावणार नाही."

एवढं तिने कधी कुणाला दिलं नव्हतं, दादाला तर नाहीच. सुनेने मान हलवली.

"मला सकाळी सातला दुकान उघडायचं असतं," ती म्हणाली.

"मग लवकर ऊठ."

दादा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "तुला माहीत होतं सगळं?"

"मला काय माहीत असणार, दादा?"

"मग मघाशी लाथा कशाला मारत होतीस?"

तेवढ्यात भाच्याने सुपाचा चमचा तोंडात घातला आणि तसाच बाहेर काढला. गार झालं होतं. कुणी काही म्हणायच्या आत वहिनीने भांडं उचललं, सुनेने तिच्या हातातून ते घेतलं, आणि दोघी आत गेल्या. चावी फिरल्याचा आवाज आला. मग बोलणं. नवी शेगडी खिडकीखालीच ठेवायची, वहिनीचं म्हणणं. भिंतीकडे घ्यायची, खिडकीतून काचेवर धूळ बसते, सुनेचं म्हणणं. धूळ बसते तर पुसायची. कोण पुसणार? वायरमनला विचारू. वायरमनला काय कळतंय स्वयंपाकातलं? आवाज वाढत गेले. सूप कुणाच्या लक्षात होतं की नाही देव जाणे.

भाचा उठायला लागला. दादाने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"बस रे," तो म्हणाला आणि पावाचा तुकडा गार सुपात बुडवला. "असंच जेवू."